अटकेचा किल्ला

मंडळी, गावातला पोरगा मोठा पराक्रम करून आला की आपण म्हणतो, “गड्याने अटकेपार झेंडा लावला.” शब्द आपल्या तोंडचा झाला आहे. पण ही अटक कुठली, आणि झेंडा लावल्यावर पुढे काय झाले, हे फारसे कुणी विचारीत नाही.

गुरुजींनी भिंतीवर नकाशा टांगला असेल, तर बोट पुण्यावरून दिल्लीला, तिथून लाहोरला आणि आणखी वायव्येला सिंधू नदीपर्यंत न्यावे. काबूल नदी सिंधूला मिळते तिथून थोडे खाली, पूर्वेच्या काठावर हा किल्ला उभा आहे. आज हा मुलूख पाकिस्तानात आहे. इथे नदी डोंगरांत शिरते, पात्र अरुंद होते, म्हणून नावा एकीला एक जोडून पूल बांधता येई. काबूलची वाट इथेच नदी ओलांडी. किल्ल्याचे मोल तटाबुरुजांत कमी आणि या वाटेत जास्त, बरं का!

हे अकबराने ओळखले. काबूलला त्याचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम होता. तो पंजाबवर चालून आला. १५८१ साली त्याचा पाठलाग करताना बादशहाने इथे पाया घातला. दोनेक वर्षांत ख्वाजा शमसुद्दीनच्या देखरेखीखाली काम पुरे झाले.

आता १७५८ साल. अहमदशहा अब्दालीचा मुलगा तैमूर लाहोरला होता. राघोबादादा आणि मल्हारराव होळकर यांनी अदिना बेगाला हाताशी धरून मार्चमध्ये सरहिंद आणि एप्रिलमध्ये लाहोर घेतले. दादा स्वतः अटकेला गेले नाहीत. ते दक्षिणेकडे वळले. पुढे गेले ते तुकोजी होळकर, साबाजी शिंदे यांच्यासारखे सरदार. म्हणीत त्यांचे नाव नाही, हे मला नेहमीच खटकते.

घोडी नदीवर पोचली, पण राहायचे कशाच्या बळावर? पुणे किती लांब! सुभा अदिना बेगाकडे सोपवला, त्याने वर्षाला ७५ लाख रुपये द्यायचे ठरले. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो मेला. मोहिमेने पैसा आणायचा, तर उलट कर्जच झाले. १७५९ अखेर अब्दाली पुन्हा उतरला. साबाजीला मागे यावे लागले. जेमतेम दीड वर्षात पंजाब हातचा गेला, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले.

रणजितसिंगाचे उदाहरण पाहा. १८१३ मध्ये त्याने किल्लेदार जहाँदाद खानाला एक लाख रुपये देऊन अटक घेतली. अफगाण वजीर फत्तेखान चालून आला, तेव्हा दिवाण मोहकमचंदाने छछच्या मैदानात त्याला पिटाळले. पुढे पस्तीस वर्षे अटक शिखांकडेच राहिली. त्याचे लाहोर पाठीशीच होते ना! रसद आणि पगार वेळेवर पोचे.

१८४९ मध्ये पंजाब इंग्रजांकडे गेला. १८८३ साली सिंधूवर लोखंडी पूल झाला. वर आगगाडी, खाली बैलगाड्यांचा रस्ता. नावांच्या पुलाची गरज संपली. किल्ला मात्र आजही लष्कराच्याच ताब्यात आहे.