लखनौतील प्राणिचित्रण : नामवंत आणि अनाम

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये प्राणिचित्र आणि वस्तुचित्र हे कलेच्या उतरंडीतील खालचे प्रकार मानले जात. मान होता तो इतिहासचित्राला. लखनौत मात्र याच गौण प्रकारांनी एका संक्रमणकाळाचा दस्तऐवज मागे ठेवला.

नवाब आसफ-उद्-दौला याने १७७५ मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली आणि युरोपीय चित्रकारांची पावले तिकडे वळू लागली. जन्माने जर्मन, परंतु इंग्लंडमध्ये नावारूपाला आलेला योहान झोफनी १७८३ मध्ये हिंदुस्थानात आला. वॉरन हेस्टिंग्जसाठी त्याने लखनौतील कोंबड्यांच्या झुंजीचे तैलचित्र काढले. ते आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. झुंजीभोवती नवाब, त्याच्या पदरचा कर्नल मॉर्डंट, दरबारी, कंपनीचे गोरे अधिकारी आणि नोकरचाकर दाटीने उभे आहेत. येथे कोंबडा निमित्तमात्र आहे. खरा विषय आहे तो सत्तेचा. चित्रात नवाब आणि गोरे अधिकारी बरोबरीने खेळात रमले आहेत. पुढे १८०१ च्या तहाने अवधचा सुमारे निम्मा मुलूख कंपनीकडे गेला.

त्याच नगरात क्लॉड मार्टिन हा कंपनीच्या सेवेतील फ्रेंच अधिकारी स्थानिक चित्रकारांकडून पक्ष्यांची आणि वनस्पतींची चित्रे काढून घेत होता. या चित्रांत पक्षी निमित्त नाही, तोच नायक आहे. पिसांचा पोत टिपणारी नजर जहांगीरकालीन मन्सूरच्या परंपरेतली. मागणी मात्र युरोपीय निसर्गविज्ञानाची. झोफनीने झुंजीच्या चित्रात स्वतःलाही रंगवून ठेवले; या चित्रकारांची मात्र नावेही बहुतांशी उरली नाहीत.

हे अनामिकत्व अटळ नव्हते. कलकत्त्यात लेडी इम्पीच्या चित्रांवर शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास ही नावे नोंदली गेली. पुण्यात रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी १७९० मध्ये गेंडा चितारणारा गंगाराम तांबट आपल्याला नावानिशी माहीत आहे. आश्रयदात्याने नाव लिहून ठेवले तेथेच चित्रकार इतिहासात उरला. ‘कंपनी शैली’ ही संज्ञाही हाच न्याय पुढे चालवते : चित्र हिंदी हाताचे, नाव गिऱ्हाइकाचे. लंडनच्या वॉलेस संग्रहालयात २०१९ मध्ये भरलेल्या प्रदर्शनाने या चित्रकारांना केंद्रस्थानी आणले. लखनौच्या पक्षिचित्रांपुढे मार्टिनचे नाव घेताना रिकामी राहिलेली दुसरी जागाही नोंदणे, हे कलेतिहासाचे पहिले कर्तव्य ठरते.