परमेश्वर पुरवितो म्हणजे काय?

२४ जानेवारी हा संत फ्रान्सिस द सेल्स यांचा सण. त्यांच्या नांवाच्या मिशनरी संघाचे चार धर्मगुरू व दोन बंधू सव्हॉय प्रांतांतून निघून सन १८४६ मध्यें विशाखापट्टणास उतरले. तेव्हां हिंदुस्थानांत आगगाडी नव्हती. बोली परकी, हवाही परकी. तरी त्याच संघाच्या श्रमांनीं पुढें कामठी-नागपुरांत ख्रिस्तसभा वाढली व सन १८८७ मध्यें नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. आपला भंडारा जिल्हा त्यांतच मोडतो.

सन २०२५ मध्यें नेमक्या याच सणाच्या दिवशीं सकाळीं जवाहरनगरच्या आयुधनिर्माणींत स्फोट होऊन आठ कामगार मृत्यु पावले. देव पुरवितो, तर हें कां? या प्रश्नापुढें आम्ही मस्तक नमवितों. संकट येणारच नाहीं, असें वचन प्रभूनें दिलेलें नाहीं. त्यानें शिकविलेल्या प्रार्थनेंत आपण आजच्यापुरतीच भाकर मागतों; तीही एकट्यासाठीं नव्हे, सर्वांसाठीं. शोकाकुल घरीं चूल पेटत नाहीं, तेव्हां शेजाऱ्यानें नेलेली भाकर हीच त्याची तरतूद होय. ती आपल्याच हातीं दिलेली असते.

ज्युबिलीच्या या आनंदांत आम्ही तीं आठ घरें वेदीपाशीं स्मरतों.