साळखात्याचा दरवाजा

यंत्र जात पाहत नाही, हे वाक्य मी विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहे. प्रथम ते मार्क्सवादी मित्रांच्या तोंडी होते, पुढे प्राध्यापकांच्या, आणि आता संगणकाविषयी उत्साहाने बोलणाऱ्या तरुणांच्या तोंडी आहे. लोखंडाला जात कळत नाही, हे खरेच. परंतु माझा आजा मुंबईच्या एका गिरणीत तीस वर्षे राबला आणि त्या तीस वर्षांत साळखात्यातल्या मागावर त्याला एक दिवसही उभे राहता आले नाही. तेव्हा हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे.

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापिली आणि १८५६ मध्ये ती ताडदेवला सुरू झाली. पुढच्या पन्नाससाठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा भाग भोंग्यावर जागा होऊ लागला. कोकणातून आणि घाटावरून आमची माणसे तिथे आली. गावकीची वेठ आणि येसकरपाळी मागे टाकून आली. गिरणीत पगार रोख मिळत होता, उष्टे-शिळे मागावे लागत नव्हते. गिरणीने आम्हाला काहीच दिले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पण तिने जे दिले ते खाते पाहून दिले.

आमची माणसे रिंग खात्यात भरली जात, कापूस फोडण्याच्या आणि झाडलोटीच्या कामांवर घेतली जात. साळखाते म्हणजे विणकामाचे खाते. तिथे कापडाच्या मापावर मजुरी मिळे आणि विणकराची कमाई रिंगवाल्यापेक्षा पुष्कळ जास्त पडे. ह्या खात्याचा दरवाजा आम्हाला बंद होता. त्याचे कारण धोट्यात होते.

मागावर आडवे सूत टाकणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बसवतात. कांडीचे टोक धोट्याच्या कडेच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावे लागते. विणकर धोटा तोंडाला लावी आणि जोराने श्वास आत ओढी, की सूत बाहेर येई. कांडी संपली, पुन्हा तोंड. पाळीत असे शेकडो वेळा होई, आणि तोच धोटा दुसऱ्या पाळीच्या माणसाच्या तोंडी जाई. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा आम्ही तोंडात धरायचा काय, असा स्पृश्य विणकरांचा सवाल होता. साळखात्यात मराठे होते, तसे मुसलमान विणकरही होते. त्यांच्या थुंकीने धर्म बुडाल्याचे कोणी सांगितले नाही. आमच्याच थुंकीला शास्त्राचा आधार सापडला!

हाच धोटा इंग्लंड-अमेरिकेतही तोंडाने ओढला जाई. तिथे त्याला धोट्याचे चुंबन म्हणत. त्यातून क्षयासारखे रोग पसरतात अशी तिकडे ओरड झाली आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली कायद्याने ती पद्धत बंद केली. तोंड न लावता सूत ओवता येईल असे धोटे तोवर निघालेही होते. त्याच राज्यात १८९० नंतरच्या दशकात तयार झालेल्या नॉर्थ्रॉप मागात कांडी आपोआप बदले आणि सूतही आपोआप ओवले जाई. म्हणजे छिद्र एकच, थुंकी एकच. तिथे धोटा बदलला. इथे धोटा तसाच राहिला आणि माणूस दाराबाहेर राहिला.

मालकांना हे अशक्य नव्हते. लँकेशायरहून यंत्रे आणणाऱ्या, विजेचे दिवे लावून कामाचा दिवस लांबवणाऱ्या ह्या मंडळींना नव्या धोट्याची माहिती नसेल असे मला वाटत नाही. पण मजूर स्वस्त होता आणि त्याचे तोंड त्याहून स्वस्त. शिवाय मजुरांत भिंत असली की मालकाचे काम निम्मे होते.

आता १९२८. एप्रिलमध्ये सुरू झालेला गिरण्यांचा संप ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. भांडणाच्या मुळाशी नवी कार्यक्षमतेची योजना होती. विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत, रिंगवाल्याने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशी ती होती. दोन बाजू एकाने पाहिल्या तर दुसऱ्याने कुठे जायचे? साळखात्यात जायचे तर दरवाजा बंद. सुधारणेचा हा घाव सर्व कामगारांवर पडत होता. पण आमच्या माणसाला मागे सरकायला दुसरे खाते नव्हते.

बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम मिळाले पाहिजे ही मागणी तुम्ही आपली मानणार नसाल, तर मी माझ्या लोकांना संपात राहा म्हणून सांगणार नाही, असे त्यांनी बजावले. मागणी यादीत आली, पण नाइलाजाने. मालकांनीही मग पुढाऱ्यांना सुनावले की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालक कामगारांकडे बोट दाखवीत होते आणि कामगारांचे पुढारी रूढीकडे. ह्या कटू अनुभवाची पार्श्वभूमी ठेवूनच पुढची पावले वाचावी लागतात. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. आमचे काही मित्र अजूनही त्यातला एकच लक्षात ठेवतात.

आजा ह्या गोष्टी भाषणासारख्या कधी सांगत नसे. बीडीडी चाळीच्या गॅलरीत बसून तो एवढेच म्हणे, “आमी सूत काडायचं, पर त्येचं कापड इनायचं न्हाय.” माझे वडीलही रिंगलाच लागले. १९५६ नंतर त्यांनी साळखात्यात बदली मागितली. जॉबर तोंडावर नाही म्हणाला नाही. आज जागा नाही, उद्या बघू, असे करीत त्याने चार वर्षे काढली. घटनेने अस्पृश्यता केव्हाच नष्ट केली होती आणि जॉबरने तिचे नावही घेतले नाही.

दरवाजा उघडला तो माझ्या धाकट्या काकांना, १९७४ साली. तोवर त्या गिरणीत बरेच माग स्वयंचलित झाले होते आणि धोटा तोंडाला लावण्याचे काम थोड्याच जुन्या मागांवर उरले होते. काकांना नेमका जुना माग मिळाला. घरात पेढे वाटले गेले. त्यानंतर आठ वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला, मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे रस्त्यावर आली. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले. तिथे युनियन दुबळी आणि पगार त्याहून कमी. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर चढले. तीन पिढ्यांनी ज्या खात्याची वाट पाहिली, ते खातेच आम्ही आत शिरताच उठले.

आज ड्रेनेज साफ करणारी, मैला शोषून घेणारी यंत्रे देशात आहेत. हाताने मैला काढायला लावणे १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. तरी माणसे गटारात गुदमरून मरतात, आणि ती बहुतेक कोणत्या वस्तीतली असतात हे ह्या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. धोट्याच्या बाबतीत जे झाले, तेच इथे होते आहे. यंत्र असते. ते कोणासाठी आणायचे आणि कोणाच्या तोंडावर भागवायचे, हे दुसरीकडे कुठेतरी ठरते.

काकांना मी एकदा विचारले, पहिल्या दिवशी काय झाले? ते म्हणाले, “काय व्हायचंय? कांडी संपली, धोटा तोंडाला लावला, सूत आलं. पाळी सुटली तेव्हा मागं वळून पाहिलं. पुढच्या पाळीचा माणूस धोटा सदऱ्याला घासत होता. बराच वेळ घासत होता.”