सासूबाईंचा परदेश

परदेशात राहून आलेल्या बायकांच्या गोष्टी आपण कौतुकाने ऐकतो. कुणी दुबईला होती, कुणी मस्कतला. माझ्या सासूबाईंनी पासपोर्ट कधी काढला नाही, विमान फक्त आकाशात पाहिले. तरीही लग्न होऊन त्या एका परक्या मुलखातच आल्या होत्या. पुढे तो मुलूखच उरला नाही. त्याचे नाव हैदराबाद संस्थान. आपले तीर्थपुरी त्यातच होते.

सासूबाईंचे माहेर अहमदनगर जिल्ह्यातले, म्हणजे इंग्रजी अमलातले. १९४५ साली लग्न ठरले तेव्हा माहेरी सगळे म्हणाले, "पोर मोगलाईत दिली." निजामाच्या मुलखाला तिकडे मोगलाईच म्हणत. तेव्हा जालना जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात मोडायचा.

नगरहून मनमाडपर्यंत इंग्रजांची रेल्वे. मनमाडला उतरून निजाम सरकारच्या लहान रुळांच्या गाडीत बसायचे आणि जालन्याहून पुढे बैलगाडी. वाटेत करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात. सासूबाईंच्या रुखवताची पितळी भांडीसुद्धा सोडून मोजली होती. "माझ्याच आईने दिलेल्या भांड्यांवर कर कसला?" हे त्या म्हातारपणीही रागाने विचारायच्या.

इथे नाणे वेगळे. निजामाचा हाली रुपया, त्यावर चारमिनार. इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत. हाली ७ रुपये दिले की कलदार ६ मिळायचे. सासूबाईंना शाळा चौथीपर्यंतच, पण हा हिशेब तोंडपाठ होता. मी बी.कॉम. झालेली, मला कागद लागायचा. टपालाचे तिकीटही निजामाचे, ते संस्थानाबाहेर चालत नसे. सरकारी कामकाज उर्दूत. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. प्रजेतले बहुतेक लोक मात्र तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारे. कागदावर साल लिहायचे तेही फसली.

आमचे किराण्याचे दुकान होते. सरकारी नोटीस आली की शेजारचे एक मुसलमान गृहस्थ ती वाचून मराठीत सांगत. त्यांच्या घरच्या चाचींनी सासूबाईंना उर्दू आकडे शिकवले. तिखट-मिठाची देवाणघेवाण नव्हती, कारण आमच्याकडे सोवळे कडक. पण पापड वाळत घातले की राखायला चाचींची मुले असत.

१५ ऑगस्ट १९४७ ला सासूबाईंचे माहेर स्वतंत्र झाले, सासर झाले नाही. निजाम मीर उस्मान अली खान भारतात यायला तयार नव्हते. नोव्हेंबरमध्ये एक वर्षाचा जैसे थे करार झाला, पण गावागावात शांतता नव्हती. कासीम रझवीच्या रझाकारांची दहशत वाढली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता. आपल्या जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके त्यात हिमतीने उतरल्या. अनेक घरांनी बायकामुले सरहद्दीपलीकडे पाठवली. सासूबाईही पोटुशी असताना माहेरी गेल्या.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत राज्य गेले. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो, आणि लावलाच पाहिजे. त्या मुक्तीसाठी माणसांनी प्राण दिले आहेत.

पण सासूबाई इथे थांबत नसत. त्या म्हणत, "सप्टेंबरच्या आधी भीती आमच्या घरात होती, नंतर ती चाचींच्या घरात गेली." कारवाईनंतर संस्थानात अनेक ठिकाणी मुसलमानांवर सूड उगवला गेला, हजारो माणसे मारली गेली. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाहणीला पाठवली होती, पण तिचा अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. आमच्या शेजाऱ्यांना कुणी हात लावला नव्हता. तरी बातम्या ऐकून ते एका रात्री निघून गेले. सासूबाई बाळाला घेऊन परतल्या तेव्हा शेजारी कुलूप होते.

त्यांचे ४२ रुपये हाली आमच्या वहीत जमा होते. सासऱ्यांनी दर दिवाळीला नवी वही घातली की ती रक्कम पुढे ओढली. हाली बंद झाला तेव्हा ४२ चे कलदार ३६ केले आणि बाजूला हिशेब लिहून ठेवला. मी १९८४ मध्ये सून म्हणून आले तेव्हा वहीत ती ओळ पाहिली आणि म्हटले, इतक्या जुन्या रकमा निर्लेखित करतात. सासरे म्हणाले, "बुडीत येणे सोडता येते सूनबाई, देणे सोडता येत नाही. न दिलेले घ्यायचे नाही, हेच तर आपले अचौर्य." घेणारे कधी आले नाहीत. ते ३६ रुपये आजही आमच्याकडे देणे आहेत.

सासूबाईंनी एकाच घरात राहून चार राज्ये पाहिली. आधी निजामाचे, मग भारतातले हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. आज त्यांच्या पिढीतले फार थोडे उरले आहेत.

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सफाईत जुनी ट्रंक निघाली तर कागद लगेच रद्दीत देऊ नका. फसली साल दिसले तर त्यात ५९० मिळवा, इसवी सन साधारण कळेल. हाली रकमेचे कलदार करायचे तर ७ ने भागून ६ ने गुणा. आणि घरात नव्वदीची आजी असेल तर लढाईचे नंतर विचारा, आधी शेजारी कोण राहत होते ते विचारा.