शाळामास्तरांनी टिपलेली हिमनदी

सहलीचे फोटो चार दिवस हातोहात फिरतात आणि मग अल्बममध्ये जाऊन बसतात. दोन वर्षांनी कोणी विचारले, ‘हा डोंगर कुठला?’ तर काढणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. अशा हौशी फोटोंचा विज्ञानाला काय उपयोग? या प्रश्नाचे उत्तर 1921 सालच्या एका फोटोत सापडते. तो काढणारे गृहस्थ पेशाने शाळामास्तर होते.

जॉर्ज मॅलरी इंग्लंडमधील चार्टरहाउस शाळेत शिकवत. एव्हरेस्टकडे जाणारी वाट शोधण्यासाठी 1921 मध्ये पहिली ब्रिटिश मोहीम तिबेटमार्गे निघाली, तेव्हा नोकरी सोडून ते तिच्यात सामील झाले. गिर्यारोहणात तरबेज, कॅमेऱ्याशी मात्र फारसे सख्य नव्हते. त्या कॅमेऱ्यात काचेच्या प्लेटा घालाव्या लागत आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेप प्लेटेच्या एकाच बाजूला असे. मॅलरींनी प्लेटा उलट्या बसवल्या! बरेच फोटो वाया गेले. मग पुन्हा चढून जाऊन त्यांनी जमतील तितके नव्याने काढले. प्रयोगशाळेत प्रथमच हात घालणाऱ्या मुलांना हे ऐकून नक्कीच धीर येईल.

त्या मोहिमेतल्या एका फोटोत एव्हरेस्टच्या उत्तर पायथ्याची रोंगबुक हिमनदी दिसते. पांढरीशुभ्र, रुंद आणि डौलदार वळण घेत खाली येणारी. 2007 साली गिर्यारोहक व चित्रपटकार डेव्हिड ब्रेशर्स हा फोटो घेऊन त्याच जागी पोहोचले आणि तेच दृश्य त्यांनी पुन्हा टिपले. पर्वत तसाच उभा होता, पण हिमनदी खचली होती. तिचा पृष्ठभाग सुमारे 100 मीटरने खाली गेल्याचे या तुलनेतून दिसले. या हिमनदीचे पाणी पुढे अरुण नदीला मिळते. अरुण नेपाळमध्ये उतरून कोसीला मिळते आणि कोसी बिहारमध्ये येते. म्हणजे तिबेटमधल्या त्या बर्फाचा संबंध आपल्या देशातल्या शेतांशीही आहे.

‘त्याच जागी’ हे शब्द सोपे वाटतात, पण तेच खरे अवघड काम. जुन्या फोटोत जवळचा एखादा खडक दूरच्या कोणत्या सुळक्याखाली आला आहे, ते आधी पाहायचे. आपण डावी-उजवीकडे सरकलो की जवळची वस्तू दूरच्या वस्तूपुढून सरकताना दिसते. अशा दोन-तीन जोड्या एकाच वेळी जुळल्या, की मूळ छायाचित्रकाराची जागा मिळाली असे समजावे. शाळेचा जुना गटफोटो घेऊन हा खेळ मैदानावरही खेळता येतो. मागचे झाड, भिंत आणि इमारतीचा कोपरा एवढे पुरते.

मात्र अशी तुलना करताना घाई नको. आदल्या रात्रीच्या हिमवर्षावाने सारे पांढरे होते, तर दगडमातीखाली झाकलेला बर्फ फोटोत नुसता खडकाळ दिसतो. म्हणून केवळ रंगावर जाऊ नये. शेजारच्या कड्याचा किती भाग उघडा पडला ते पाहावे. शिवाय दोन फोटो म्हणजे दोनच क्षण. मधल्या 86 वर्षांत हिमनदी एकसारखी खचली की अलीकडे झपाट्याने, हे त्या दोघांवरून कळत नाही.

मॅलरी 1924 साली एव्हरेस्टवर दगावले. त्या वेळी त्यांच्याजवळ असलेल्या कॅमेऱ्याचा शोध अनेकांनी घेतला. आम्हांला विचाराल तर 1921 चा हाती असलेला फोटोच अधिक मोलाचा.

डोंगरांप्रमाणे प्राण्यांचेही असेच होते. हंपबॅक देवमाशाच्या शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी आपल्या बोटांच्या ठशांसारखी प्रत्येकाची वेगळी असते. ऑगस्ट 1999 मध्ये ब्राझीलजवळ संशोधकांनी अशा एका शेपटीचा फोटो काढून नोंदवला होता. सप्टेंबर 2001 मध्ये मादागास्करजवळ होडीतून देवमासे पाहायला गेलेल्या एका पर्यटकाने एक शेपटी टिपली. पुढे दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर नक्षी तंतोतंत जुळली आणि 2010 साली ही नोंद प्रसिद्ध झाली. दोन ठिकाणांमधले अंतर किमान 9,800 किलोमीटर. प्रजननाच्या एका क्षेत्रातून दुसऱ्यात नर भटकत जात असतील, असा अंदाज होता. ही मादी होती.