नाव एकीचं, गळा दुसरीचा

माझ्या संग्रहातली 1962 सालची सात इंची तबकडी. गाणं 'ही इज अ रेबेल', लेबलवर नाव 'द क्रिस्टल्स'. पण त्यांच्यातली एकही मुलगी या गाण्यात नाही! क्रिस्टल्स न्यूयॉर्कला, तर निर्माता फिल स्पेक्टर लॉस एंजेलिसला. दुसरं कुणीतरी हेच गाणं आधी बाजारात आणेल, या घाईत त्यानं तिथल्याच डार्लीन लव्ह आणि 'ब्लॉसम्स'ना माइकपुढे उभं केलं. नोव्हेंबरात गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. नाव झालं भलत्यांचंच.

आवाजाची सारी करामत गोल्ड स्टार स्टुडिओतली. खोली बेताची, वादकांची दाटी. गिटारी, पियानो एकाच वेळी तेच सूर वाजवत. तो कल्लोळ इको चेंबरमध्ये सोडून परत टिपायचा, तोही मोनोत. वाद्यमेळ बहुधा जॅक नित्शेचा, ड्रमवर हॅल ब्लेन. 1963चं 'बी माय बेबी' ऐका: तीन धमाके, मग एक सणसणीत फटका, आणि गायिका रॉनी येण्याआधीच आपण गार.

मग या आवाजाच्या नकलांचं पेवच फुटलं. त्यातल्या बऱ्याच तबकड्या खपल्याच नाहीत, आणि माझ्या मते खरी मौज तिथंच आहे. 2005 साली ऱ्हायनो कंपनीनं अशी विस्मृतीतली गाणी चार सीडींत, टोपीच्या गोल डब्यात घालून काढली.

डार्लीन लव्हला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं ते थेट 2011 साली. जुन्या बाजारात अशी तबकडी दिसली, तर गायिकांच्या नावावर विसंबू नका. वाद्यमेळाच्या संयोजकाचं बारीक अक्षरातलं नाव आधी वाचा.