एचआयव्ही आणि धूम्रपान: मोबाइलवरील संदेशांची मदत

एआरटीच्या गोळ्या नियमित घेतल्या तर एचआयव्हीचा विषाणू वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. पण सिगारेट-बिडीचे नुकसान या गोळ्या थांबवू शकत नाहीत. डेन्मार्कमधील २०१३ सालच्या अभ्यासात, उपचार घेणाऱ्या एचआयव्हीबाधित धूम्रपान करणाऱ्यांची सुमारे १२ वर्षे तंबाखूने गेली आणि विषाणूने सुमारे ५. आपल्याकडे शिवाय क्षयरोगाची टांगती तलवार आहेच. धूम्रपानाने तोही धोका वाढतो. बिडी हलकी असते, हा गैरसमज आधी काढून टाका.

मग मोबाइलवरचा संदेश काय करणार? तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. त्या वेळी डॉक्टर जवळ नसतो, फोन मात्र खिशात असतो. ब्रिटनमध्ये ५,८०० धूम्रपान करणाऱ्यांवर (एचआयव्ही असो वा नसो) झालेल्या चाचणीत, सोडण्यास मदत करणारे संदेश मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के लोक सहा महिने सिगारेटपासून दूर राहिले. इतरांमध्ये हे प्रमाण ४.९ टक्के होते. म्हणजे दहातले नऊ जण तरीही सुटले नाहीत, हेही लक्षात घ्या. संदेश हा आधार आहे, संपूर्ण उपचार नव्हे.

भारत सरकारची अशी सेवा २०१६ पासून आहे. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्या. समुपदेशकाशी बोलायचे असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. तो पाकिटावरच छापलेला असतो. या सेवेचे एक केंद्र मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आहे. तंबाखू किंवा मिश्री सोडायची असेल तरीही याच क्रमांकावर बोला.

बरेच रुग्ण दबक्या आवाजात विचारतात, "घरच्यांनी मेसेज वाचला तर?" ही सेवा सर्वांसाठी आहे, त्यामुळे नोंदणी करताना एचआयव्हीचा उल्लेख करण्याची गरज नाही. फोन घरात एकच असेल तर मात्र संदेशांऐवजी समुपदेशकाशी बोलणे बरे. एआरटी केंद्राकडून गोळ्यांच्या आठवणीचे संदेश येत असतील, तर ते कोणाच्या क्रमांकावर येतात हेही एकदा तपासून घ्या.

निकोटिनचे च्युइंगम एआरटीसोबत घेता येते. बुप्रोपिऑनची गोळी मात्र स्वतःहून सुरू करू नका. एफाविरेंझ घेत असाल तर तिचा परिणाम कमी होतो. आधी एआरटी केंद्रातील डॉक्टरांना विचारा. धूम्रपान सोडताना चिडचिड झाली तरी एआरटीचा एकही डोस चुकवू नका.